पोरगी आत्याकडं गेली, पोटगी कोणाला द्यायची?

खालचं प्रकरण रचलेलं आहे, अमुक एका घराचं नाही. पण अंबाजोगाई, केज, परळी, लातूर या पट्ट्यात कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही त्यातले तुकडे ओळखीचे वाटतील. कलमं आणि निकाल मात्र खरे आहेत. प्रश्न असा: कोर्टानं मुलीसाठी पोटगी ठरवली, ती आईच्या खात्यात जमा व्हायची, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत मुलगीच आईचं घर सोडून गेली. आता बापानं पैसे द्यायचे का? द्यायचे तर कोणाला?

घरची हकीकत

वडील एसटीत चालक. आई शिवणकाम करते. दोघांचं पटेना म्हणून आई मुलीला घेऊन अंबाजोगाई तालुक्यात माहेरी आली आणि तिनं पोटगीचा अर्ज लावला. २०२१ मध्ये प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली हुकूम दिला: बायकोला महिना ३,००० रुपये, मुलीला ५,०००. दोन्ही रकमा आईच्या खात्यात. २०२२ मध्ये परस्पर संमतीनं घटस्फोट झाला, पोटगी तशीच चालू राहिली. २०२३ मध्ये आईनं दुसरं लग्न केलं. नवरा शेतकरी, चार एकर, सोयाबीन आणि थोडी तूर.

इथं एक गोष्ट घडली, तिचा परिणाम पुढं दिसतो. आईनं लग्न केल्याचं कळताच वडिलांनी तिचे ३,००० बंद केले. कोर्टात गेले नाहीत, कोणाला विचारलं नाही. घटस्फोटित बाईनं पुन्हा लग्न केलं की लग्नाच्या तारखेपासून तिच्या पोटगीचा हुकूम रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहेच. पण रद्द करायचा तो दंडाधिकाऱ्यांनी. आईनं तक्रार केली नाही, म्हणून ते निभावलं. वडिलांच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की परिस्थिती बदलली की आपण हात आखडायचा आणि काही होत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी हेच मुलीच्या पैशांबाबत केलं.

मुलगी नोव्हेंबर २००८ ची. मे २०२४ मध्ये दहावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले. तिला लातूरला अकरावी सायन्स करायची होती. लातूर पॅटर्नचं वेड आमच्याकडं कसं आहे ते सांगायला नको. दहावीला नव्वदच्या वर गेलेलं प्रत्येक लेकरू जूनमध्ये लातूरच्या खोल्या बघत फिरतं. इकडं घरात वेगळीच बोलणी चाललेली. आईच्या सासरकडचे पाहुणे मुलीला बघून गेले होते आणि दिवाळीत कुंकवाचा कार्यक्रम उरकून घ्यावा असं ठरत होतं. मुलीला तेव्हा सोळावं चालू. आईला वाईट ठरवणं सोपं आहे, पण तिची बाजूही ऐकण्यासारखी आहे. वयात आलेली पोर सावत्र बापाच्या घरात, गावाची तोंडं, आणि लातूरचा खर्च परवडणारा नाही. ती म्हणायची, "पाच हजारात लातूर होतंय व्हय? मेसलाच तीन हजार जातेत."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी पहाटेच्या एसटीनं लातूरला आत्याकडं निघून गेली.

पहिले काही दिवस

आईनं पोलीस ठाणं गाठलं. अठराच्या आतलं मूल हरवलं की पोलीस नुसती मिसिंगची नोंद करून थांबू शकत नाहीत. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तशी दिशा दिलेली आहे, अपहरण धरून गुन्हा नोंदवायचा. इथंही तसंच झालं. जून २०२४ मधली गोष्ट म्हणून गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली, अनोळखी व्यक्तीवर.

आत्या घाबरली. "पोरगी पळवली म्हणून माझ्यावरच यायचं," असं तिनं भावाला फोनवर सांगितलं. तरी तिनं एक शहाणपण केलं. मुलगी दारात आली त्याच दिवशी तिनं चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करून सांगितलं, आणि लातूरच्या पोलिसांनाही कळवलं. नातेवाइकानं घर सोडून आलेलं मूल घरात ठेवून घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही, तर चांगल्या मनानं केलेलं कामही अंगाशी येतं. मुलीला बाल कल्याण समितीपुढं हजर केलं गेलं. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढं न्यावं लागतं. लग्न ठरवलं जातंय, शिकायचं आहे, परत जायचं नाही, एवढं तिनं सांगितलं. समितीनं आईलाही बोलावलं, लग्न करणार नाही असं लिहून घेतलं, आणि मुलीचा ताबा तात्पुरता आत्याकडं दिला. कायद्याच्या भाषेत आत्या 'योग्य व्यक्ती' ठरली. गावच्या ग्रामसेवकालाही पत्र गेलं, कारण गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो.

समितीचा कागद हातात आल्यावर वडिलांना वाटलं, विषय संपला. जुलै २०२४ पासून त्यांनी ५,००० बंद केले. आईला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला: "पोरगी तुझ्याकडं नाही. आता तुला एक रुपाया भेटणार नाही. जिच्याकडं आहे तिला काय द्यायचं ते आम्ही बघू." हा मेसेज पुढं आईच्या अर्जाला जोडला गेला, आणि पैसे जाणूनबुजून थांबवल्याचा याहून सरळ पुरावा कोणाला मिळायचा नाही.

आत्याला त्यांनी काय दिलं? क्लासच्या पहिल्या हप्त्यासाठी १२,००० फोनपेवर. बाकी अधूनमधून रोख, कधी हजार, कधी दोन हजार, हिशेब नाही. आत्याचा नवरा बांधकामावर सेंटरिंगचं काम करतो. दिवाळीनंतर तिनंही भावाला सुनावलं, "अक्का म्हणून सांगते, लेकरू तुझं हाय. मी दोन घास घालीन, पण फिया कुठून भरू?"

फेब्रुवारी २०२५ मध्ये आईनं वसुलीचा अर्ज लावला. जुलै ते फेब्रुवारी, आठ महिन्यांचे ४०,०००.

वडिलांचं म्हणणं आणि त्यातलं किती टिकतं

नोटीस आल्यावर वडील वकिलाकडं गेले तेव्हा त्यांच्याकडं चार मुद्दे तयार होते. एक मोबाइलवर वाचलेला होता: मूल स्वतःहून घर सोडून स्वतंत्र राहू लागलं की बापाची जबाबदारी संपते. हे वाचलं ते खोटं नव्हतं, पण ते अमेरिकेचं होतं. तिकडच्या अनेक राज्यांत अल्पवयीन मुलाला कोर्टाकडून आईबापांपासून कायदेशीर मुक्त करून घेता येतं. कॅलिफोर्नियात १४ वर्षांपुढच्या मुलाला तसा अर्ज करता येतो, आणि तसं झालं की सहसा बापाचा हप्ताही थांबतो. आपल्याकडं पोटगीच्या कायद्यात असली वाट नाही. भारतीय वयस्कता अधिनियम, १८७५ प्रमाणे अठरा पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञान. ते कुठं राहतं, कोणाशी भांडून निघालं, यानं वय बदलत नाही.

दुसरा मुद्दा: "ती विनाकारण घर सोडून गेली, आणि विनाकारण घर सोडलं तर पोटगी नसते." ही तरतूद आहे, पण ती बायकोसाठी. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडं राहायला नकार देणारी बायको पोटगीला मुकते, असं कलम १२५ च्या पोटकलम ४ मध्ये आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ते तसंच आलं आहे. मुलाचं नाव त्यात नाही. आमच्याकडं बायकोच्या पोटगीचे आणि मुलांच्या पोटगीचे नियम एकाच गाठोड्यात बांधायची सवय आहे. वकिलाच्या कारकुनापासून पारावरच्या जाणकारापर्यंत सगळे तसंच बोलतात.

तिसरा: "मग माझ्याकडं राहू द्या. मी सांभाळतो. पोटगीचा प्रश्नच नाही." वडिलांनी दुसरा संसार मांडला आहे, दोन लहान मुलं आहेत. मुलीनं नको म्हटलं. 'माझ्याजवळ राहिलीस तरच पोसतो' या देकाराचा विचार करायचं कलमात लिहिलंय ते बायकोच्या बाबतीत. बापाला मूल आपल्याकडं हवंच असेल तर त्यानं ताब्याचा वेगळा अर्ज करावा. तिथं कोर्ट मुलीचं हित आधी बघतं आणि सोळा वर्षांच्या मुलीला विचारल्याशिवाय राहत नाही.

चौथा मुद्दा मात्र खरा होता: "मुलगी तिच्याकडं नाही, तर पैसे तिला का?" यात तथ्य आहे. मुलीच्या नावची रक्कम आईच्या खात्यात जात होती ती आई तिला जेवू घालत होती, शाळेत पाठवत होती म्हणून. आई ही अज्ञान मुलीची पालनकर्ती. हक्क मुलीचा, आईचं खातं म्हणजे पोचवायची वाट. मुलगी दुसऱ्या घरी गेली तर वाट बदलायला हवी, हे कोणीही मान्य करील.

वाट बदलायची कशी, इथं वडील घसरले. जुन्या संहितेत कलम १२७, नव्यात कलम १४६. परिस्थिती बदलल्याचं दाखवून दंडाधिकाऱ्यांकडून हुकूम बदलून घ्यायचा. समितीचा कागद हातात होता, अकरावीच्या प्रवेशाची पावती होती, आत्या जबाब द्यायला तयार होती. जुलैतच दोन पानी अर्ज दिला असता, आणि हुकूम होईपर्यंत रक्कम कोर्टात भरत राहिले असते, तर फेब्रुवारीचा अर्ज आलाच नसता. अर्ज न देता पैसे थांबवले की जुना हुकूम जसाच्या तसा जिवंत राहतो आणि दर महिन्याला थकबाकी वाढत जाते. वसुलीच्या अर्जात दंडाधिकारी मूळ हुकूम बरोबर की चूक हे तपासत बसत नाहीत. हुकूम आहे का, रक्कम थकली का, पुरेसं कारण आहे का, एवढंच बघतात.

आणि थकबाकीचे परिणाम किरकोळ नाहीत. रक्कम दंडासारखी वसूल करण्याचं वॉरंट निघतं. तरीही भरली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं आहे की कैद ही वसुलीसाठी टाकायचा दाब आहे, रकमेची फेड नव्हे. एसटीच्या माणसाला आत जाणं म्हणजे नोकरीवर गंडांतर. एक मर्यादा आईच्या बाजूलाही आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. आई फेब्रुवारीत आली, म्हणून आठही महिने मुदतीत होते.

आईचा दावा सरळ होता का?

कायद्यानं सरळ, माणुसकीनं जरा तिरपा. आठ महिने मुलगी तिच्याकडं जेवली नाही, तिची एक वहीही आईनं घेतली नाही, आणि तरी ४०,००० तिच्या खात्यात मागायचे. उलट तपासणीत वडिलांच्या वकिलांनी हेच धरलं. आईचं उत्तर होतं, "हुकूम माझ्या नावावर हाय. पैसे आले असते तर मी पोरीला पाठवलेच असते." पाठवले असते की नाही कोण जाणे.

त्यातून एक प्रश्न निघाला जो कोणी आधी विचारला नव्हता: आईची स्वतःची जबाबदारी काय? हिंदू दत्तक व पोषण अधिनियम, १९५६ च्या कलम २० मध्ये मुलांना पोसण्याची जबाबदारी पुरुषावर आणि बाईवर, दोघांवर आहे. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा (२०००) या निकालात आईवडील दोघंही कमावते होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं मुलांचा खर्च दोघांत कमाईच्या मानानं, दोनास एक असा वाटून दिला. इथं आईची कमाई शिवणयंत्रापुरती. तिच्या नव्या नवऱ्यावर सावत्र मुलीला पोसण्याची जबाबदारी ही कलमं टाकत नाहीत, तेव्हा त्याची चार एकर हिशेबात धरता येत नव्हती. वडिलांना हे पटवायला वेळ लागला. "त्या घरात सोयाबीन पिकतंय की," हे पालुपद ते शेवटपर्यंत धरून होते.

कोर्टात काय झालं

तालुका विधी सेवा समितीनं मुलीला वेगळा वकील दिला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आईबापांच्या भांडणात मुलीचा स्वतंत्र वकील उभा राहिला तसा कामाचा सूरच बदलला. तोवर चर्चा कोणी कोणाला फसवलं याची होती. त्या वकिलानं खर्चाचा कागद पुढं ठेवला: मेस, खोलीचं भाडं, क्लासचे उरलेले दोन हप्ते, पुस्तकं, चष्मा.

वडिलांनी आता हुकूम बदलण्याचा अर्ज दिला. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरलं, रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून ते भरावंच लागतं. पगारपत्रकावर हातात येणारी रक्कम ३१,००० दिसली, पतपेढीचा हप्ता वजा जाऊन. न्यायाधीशांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून विचारलं. ती म्हणाली, मला आईशी भांडण नाही, सणाला जाईन, पण राहायला नाही.

जून २०२५ मध्ये तडजोड झाली आणि तिच्यावर हुकूम झाला. पुढची पोटगी महिना ८,०००, आईच्या नाही, मुलीच्या स्वतःच्या बचत खात्यात. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून परवानगी दिलेली आहे, रकमेची मर्यादा बँक ठरवते. आत्याच्या खात्यात टाकायचा विचार झाला होता. आत्यानंच नको म्हटलं, उद्या मलाच हिशेब मागाल म्हणून. थकबाकीत क्लासचे १२,००० आईनं मान्य करून वजा केले आणि राहिलेले २८,००० तीन हप्त्यांत मुलीच्याच खात्यात भरायचे ठरले. रोख दिलेल्या रकमांचं काय? काही नाही. पावती नाही, आत्यालाही आकडा आठवेना, त्या गेल्या. आई समंजस निघाली म्हणून १२,००० तरी धरले; हुकुमात पैसे आईला द्यायचे लिहिलेले असताना दुसऱ्याच माणसाला दिलेली रक्कम कोर्टानं वळती करावीच असं नाही.

कामाच्या अखेरीस आईनं न्यायाधीशांना विचारलं की पोरगी परत आली तर खातं बदलायला पुन्हा यावं लागेल का. लागणार नव्हतं, कारण खातं मुलीचं आहे. ती अंबाजोगाईला राहो, लातूरला राहो की वसतिगृहात.

थोडं वेगळं असतं तर

कुंकू लागून लग्नही झालं असतं तर? पुष्कळांना वाटतं, मुलगी सासरी गेली की बाप सुटला. कलम १४४ 'विवाहित असो वा नसो' असं स्पष्ट म्हणतं, आणि अज्ञान मुलीच्या नवऱ्याची ऐपत नसेल तर ती सज्ञान होईपर्यंत बापालाच रक्कम द्यायला लावता येते. शिवाय बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली ती लग्न रद्द करून मागू शकते, आणि नवऱ्याकडून, तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकांकडून, पोटगी आणि राहण्याची सोय मागू शकते.

मुलगा असता आणि वाळूजला किंवा चाकणला कामाला लागला असता तर मात्र बापाला बोलायला जागा होती. 'स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणारं मूल' अशी कलमाची अट आहे. चौदाच्या वरचं मूल धोक्याचं नसलेलं काम करू शकतं, आणि खरोखर पोटापुरतं कमावत असेल तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं. हॉटेलात कपबशा विसळून मिळणारे पैसे म्हणजे पोटापुरतं, असं कोणी समजू नये. आणि तिथंही अर्ज आधी, कपात नंतर.

मुस्लिम कुटुंब असतं तरी उत्तर हेच. नूर सबा खातून (१९९७) निकालात मुलांचा कलम १२५ खालचा हक्क आईच्या घटस्फोटानं आखडत नाही असं ठरलं आहे.

नोव्हेंबर २०२६

हुकूम झाल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न होता, "अठरा झाल्यावर बंद ना?" या हुकमापुरतं हो. नोव्हेंबर २०२६ मध्ये ती अठरा पूर्ण करील आणि शरीरानं-मनानं धडधाकट असल्यानं कलम १४४ ची पोटगी तिथं थांबेल. पण अभिलाषा विरुद्ध प्रकाश (२०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की अविवाहित हिंदू मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २० खाली अठरानंतरही बापाकडं मागू शकते. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो, तो दंडाधिकाऱ्यांपुढं चालत नाही.

म्हणून मुलीच्या वकिलानं तडजोडीत एक ओळ घालून घेतली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. फी सुटली तरी खोली आणि मेस सुटत नाही. तेव्हा तिला प्रवेश मिळाला तर पहिल्या वर्षाचा राहण्याजेवण्याचा खर्च वडिलांनी उचलायचा, वेगळ्या दाव्याचा हक्क राखून. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि सही केली.